यादीत नाव नाही म्हणजे धोका नाही?

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी डोंगराखाली गेली. दुसऱ्या दिवशी विधानसभेत सरकारकडून जे निवेदन झालं, त्यात एक मुद्दा आवर्जून सांगितला गेला. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. सूर असा की यादीत नाव असतं तर काही करता आलं असतं, नाव नव्हतं, मग आमचा काय इलाज? पेपरांनी ते छापलं, चॅनेलांनी दिवसभर फिरवलं आणि आपण सगळ्यांनी ते ऐकून घेतलं.

मला ते वाक्य तेव्हाही खटकलं, आजही खटकतं. बचाव म्हणून केलेलं ते विधान खरं तर कबुलीजबाब आहे. २७ मृतदेह सापडले. ५७ माणसं बेपत्ता राहिली आणि चौथ्या दिवशी शोधकार्य थांबवण्यात आलं. ठाकर समाजाची ही वाडी पिढ्यानपिढ्या तिथे होती, इर्शाळगडाच्या पायथ्याशी, पायवाटेनेच जाता येईल अशा ठिकाणी. ती काही आदल्या आठवड्यात तिथे उगवली नव्हती. तरी यादीला तिचा पत्ता नव्हता. मग ती यादी नक्की कशाची होती?

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. शिक्षण इंजिनीअरिंगचं, पण मी काही भूवैज्ञानिक नाही. पोटापाण्यासाठी रोज डेटाबेसशी झटापट करतो. आमच्या धंद्यात पहिल्या सहा महिन्यांत एक गोष्ट डोक्यात ठोकून बसवली जाते. ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत. दवाखान्याच्या फॉर्मवर ‘औषधाची अ‍ॅलर्जी आहे का’ हा रकाना कोरा असेल, तर त्याचा अर्थ अ‍ॅलर्जी नाही असा होत नाही. कुणी विचारलंच नाही, असा होतो. कोऱ्या रकान्याला ‘नाही’ समजणारा प्रोग्रॅम लिहिलात आणि त्यावर विसंबून डॉक्टरने इंजेक्शन दिलं, तर पेशंट दगावेल. नव्या पोराकडून असा कोड आला तर आम्ही तो परत पाठवतो.

सरकारची दरडप्रवण यादी हीच चूक दरवर्षी करते, आणि तिचा कोड कुणी परत पाठवत नाही.

मी मुद्दाम एका जिल्हा कार्यालयातून अशी यादी मिळवली. कोणत्या ते सांगत नाही, कारण इतर ठिकाणीही फार वेगळं असेल असं मला वाटत नाही. स्कॅन केलेली पीडीएफ, तीही तिरकी. तालुका, गाव, वाडी, कुटुंबसंख्या, शेरा. बस्स. गावाची पाहणी कधी झाली, कुणी केली, कशाच्या आधारावर त्याला दरडप्रवण ठरवलं, यासाठी रकानाच नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जी गावं तपासली आणि सुरक्षित आढळली, त्यांची यादी नाही. म्हणजे माझं गाव त्या पीडीएफमध्ये नसेल, तर तज्ज्ञ येऊन उतार बघून निश्चिंत होऊन गेले की गेल्या पन्नास वर्षांत तिकडे कुणी फिरकलंच नाही, हे मला कधीच कळणार नाही. दोन्हींसाठी उत्तर एकच, कोरा कागद.

आता हा उतार कोसळतो कसा ते थोडं बघू. ‘डोंगर खचला’ एवढं म्हणून आपण विषय संपवतो आणि तिथेच फसतो.

सह्याद्री म्हणजे लाव्ह्याच्या थरांवर थर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हे थर साचले. काळा बसाल्ट, त्यावर पुन्हा बसाल्ट आणि कित्येक ठिकाणी दोन थरांच्या मधे तांबड्या मातीचा पातळ पट्टा. घाटातून जाताना कापलेल्या कड्यात ही लाल रेघ तुम्ही पाहिली असेल. वरचा खडक ऊन-पावसाने कुजून त्याची माती होते, काही ठिकाणी जांभा. उतारावर या मातीचा जाड थर साठत जातो आणि खाली घट्ट खडक असतो. पाऊस मातीत मुरतो, खाली खडकाशी अडतो. पाणी बाहेर पडायला वाट मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब वाढत जातो, कण एकमेकांना धरून ठेवू शकत नाहीत आणि एका क्षणी सगळा थर सुटतो.

इर्शाळवाडीच्या परिसरात त्या तीन दिवसांत पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. पाचशे म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर अर्धा टन. त्यातलं काही वाहून जातं, काही मुरतं. पण तुमच्या घराच्या वरच्या उताराचं क्षेत्रफळ काढा आणि गुणाकार करून बघा.

त्यात माणसाने रस्त्यासाठी डोंगराचा पायथा कापला, उतार यंत्राने सपाट केला, पाण्याचे जुने पऱ्हे बुजवले, झाडं काढली, की निसर्गाला लागले असते तेवढे कष्टही लागत नाहीत. माळीण आठवतं? ३० जुलै २०१४, आंबेगाव तालुका. सकाळी एसटीचा चालक नेहमीच्या फेरीला आला आणि गावच दिसेना, तेव्हा जगाला कळलं. १५१ माणसं गेली. उतारावर यंत्राने केलेलं सपाटीकरण आणि पाण्याचा निचरा नीट नसणं, यावर नंतर बरंच लिहिलं गेलं. नंतर. त्याआधी जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे शंभराहून जास्त माणसं गाडली गेली होती. त्याच तालुक्यात २२ जुलै २०२१ ला तळीये गेलं, ऐंशीहून जास्त माणसांसह. एकाच तालुक्यात सोळा वर्षांच्या अंतराने, त्याच महिन्यात, तसाच पाऊस आणि तशीच माती. याला ‘आकस्मिक’ म्हणायचं असेल तर शब्दकोश बदलावा लागेल.

धोक्याचं मूल्यांकन करण्याचं शास्त्र आहे आणि ते फार गूढही नाही. त्याच्या तीन पायऱ्या. पहिली, कोणता उतार कोसळू शकतो. उताराचा कोन, मातीची जाडी, खडकाचा प्रकार, पाण्याच्या वाटा, जमिनीचा वापर आणि पूर्वी कुठे काय घसरलं याच्या नोंदी एकत्र करून नकाशा काढायचा. दुसरी, किती पावसाला, किती मोठा आणि किती लांबपर्यंत. तिसरी, त्याच्या वाटेत कोण राहतं. पहिलीला प्रवणता म्हणतात, दुसरीला धोका, तिसरीला जोखीम. आपल्याकडे बहुतेक काम पहिल्या पायरीवर झालेलं आहे आणि बोलताना मात्र तिन्ही झाल्यासारखं बोललं जातं.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ पासून देशभर प्रवणतेचे नकाशे करण्याचा मोठा कार्यक्रम राबवला. त्यांच्याच आकडेवारीनुसार देशाची सुमारे १२.६ टक्के जमीन, म्हणजे ४.२ लाख चौरस किलोमीटर, दरडप्रवण आहे आणि त्यातले सुमारे ९० हजार चौरस किलोमीटर पश्चिम घाट आणि कोकणच्या डोंगरात येतात. काम खरंच मोठं आहे, ते करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण हे नकाशे १:५०,००० प्रमाणाचे आहेत. म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवरचे ५० मीटर. चाळीस-पन्नास घरांची वाडी त्या नकाशावर दोन-तीन मिलिमीटरचा ठिपका. तुमच्या घरामागचा पऱ्ह्या, बांध, गेल्या वर्षी पोकलेनने कापलेली दरड, यातलं काहीच त्यावर दिसणार नाही. तालुक्याचं नियोजन करायला असा नकाशा ठीक. पण कुठलं घर हलवायचं हे त्यावरून ठरवता येत नाही. त्यासाठी मोठ्या प्रमाणाचा, निदान १:१०,००० चा नकाशा लागतो आणि त्याहून जास्त लागतात उतारावर चालणारे पाय.

शिवाय उतारावर राहणाराच धोक्यात असतो असंही नाही. ३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाडमध्ये जे सुटलं ते डोंगरमाथ्याजवळ सुटलं आणि दगड, माती, झाडं घेऊन नदीच्या पात्रातून सुमारे ८ किलोमीटर खाली गेलं. मुंडक्कई आणि चूरलमला ही गावं त्याच्या वाटेत होती. तिथली कित्येक घरं सपाट जमिनीवर होती.

वायनाडमधली एक गोष्ट मात्र आपल्यासाठी मोलाची आहे. ह्यूम सेंटर नावाची तिथली एक छोटी संस्था आहे. तिने जिल्ह्यात दोनशेहून जास्त ठिकाणी पर्जन्यमापक बसवले आहेत आणि मळेवाले, शेतकरी, स्थानिक लोक रोज त्यांची नोंद घेतात. २९ जुलैच्या सकाळी या आकड्यांवरून संस्थेने जिल्हा प्रशासनाला इशारा दिला की मुंडक्कई भागात दरड कोसळू शकते. दुर्घटनेच्या सुमारे सोळा तास आधी. आणि केरळच्या मुख्यमंत्र्यांनी नंतर सांगितलं त्याप्रमाणे, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या प्रायोगिक अंदाजात त्या दिवशी वायनाडचा रंग हिरवा होता. हिरवा! केंद्राने म्हटलं आम्ही इशारे दिले होते, राज्याने म्हटलं तसे दिले नव्हते, संसदेत त्यावरून भांडण झालं. या भांडणाच्या जेमतेम दहा-बारा दिवस आधी, १९ जुलैला, कोलकात्यात राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्राचं उद्घाटन झालं होतं, सोबत मोबाइल अ‍ॅपही.

केंद्र हवंच आहे, अ‍ॅपही राहू द्या. पण इशारा आधी कुणी दिला? रोज सकाळी नळीतलं पाणी मोजून वहीत लिहिणाऱ्यांच्या आकड्यांनी. पूर्वानुमानाला स्थानिक पावसाचे आकडे लागतात आणि घाटात दोन खोऱ्यांच्या पावसात दुप्पट फरक पडू शकतो. तालुक्याला एखाद-दुसरं केंद्र असेल तर तुमच्या वाडीवर किती पडला हे कुणालाच माहीत नसतं. पुन्हा तोच कोरा रकाना.

आता कुणीतरी म्हणेल, हे सगळं श्रीमंत देशांचं लाड आहे. म्हणून हाँगकाँगची गोष्ट सांगतो. १८ जून १९७२ ला तिथे एकाच दिवशी दोन दरडी कोसळल्या. साउ माउ पिंग इथे गरिबांच्या झोपड्यांवर, ७१ मृत्यू. पो शान रोड इथे श्रीमंतांच्या वस्तीत, ६७ मृत्यू. १९७६ मध्ये साउ माउ पिंगलाच पुन्हा दरड कोसळली, १८ गेले. तेव्हा तिथे ब्रिटिशांची वसाहत होती, लोकांनी निवडलेलं सरकार नव्हतं. तरीही १९७७ मध्ये फक्त उतार सांभाळण्यासाठी एक स्वतंत्र कार्यालय उभं राहिलं. त्यांनी सुरुवात कशाने केली? मोजण्याने. माणसाने कापलेला किंवा भराव घातलेला प्रत्येक उतार नोंदवायला घेतला. आज तिथे सुमारे ६० हजार उतारांची नोंद आहे आणि प्रत्येकाला क्रमांक आहे, आपल्याकडे गाडीला असतो तसा. क्रमांकाची पाटी उतारावरच लावलेली असते. कुणीही नागरिक तो क्रमांक घेऊन माहिती बघू शकतो: उतार किती उंच, देखभाल कुणाची जबाबदारी. धोकादायक उतारांवरच्या झोपडपट्ट्या हलवल्या, तेव्हा लोकांना सार्वजनिक घरं दिली. एवढं केल्यावर दरडींचे मृत्यू कमी कमी होत गेले. डोंगर तेच राहिले, पाऊस तोच राहिला.

आता मुंबई. इथला एक आकडा माहितीच्या अधिकारातून बाहेर आलेला आहे. मुंबई झोपडपट्टी सुधार मंडळाच्या २०१० च्या पाहणीत डोंगरउतारावरची ३२७ धोकादायक ठिकाणं आढळली, २२,४८३ झोपड्या, आणि त्यातल्या ९,६५७ प्राधान्याने हलवाव्यात अशी शिफारस झाली. म्हणजे इथे रकाना कोरा नव्हता. इथे कुणीतरी चालत जाऊन मोजलं होतं. १२ जुलै २००० ला घाटकोपरच्या आझादनगरमध्ये डोंगर सुटून सत्तरहून जास्त माणसं गेली होती, त्यातून आलेलं हे शहाणपण असावं. पुढे काय झालं? १८ जुलै २०२१ च्या एका रात्रीत चेंबूर आणि विक्रोळीत पुन्हा तेच. दरवर्षी पावसाळ्याआधी मात्र दारावर नोटीस लागते: आपण धोकादायक ठिकाणी राहत आहात, स्थलांतर करावे, अन्यथा होणाऱ्या हानीस आपण जबाबदार राहाल. त्या एका कागदाने कार्यालयाची जबाबदारी तुमच्या दाराच्या कडीला अडकवून ठेवली जाते. कुठे स्थलांतर करावे, याचा रकाना त्यातही नसतो.

इथे मला आपल्याच लोकांशी बोलायचं आहे, कारण खरी अडचण इथे आहे.

मुंब्र्याच्या एका बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक चाचा शांतपणे म्हणाले, ‘‘बेटा, सर्वे नको मागू. सर्वे होतो, यादी निघते आणि मग बुलडोझर येतो.’’ त्यांना हसण्यावारी नेता येत नाही. मुंब्र्यात आज जे राहतात त्यांच्यातले अनेकजण ९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतून उठून आलेले आहेत. ज्यांना एकदा जीव वाचवायला घर सोडावं लागलं, त्यांना दुसऱ्यांदा कुणीतरी कागद हातात घेऊन दारात उभा राहिलेला नको असतो. गेल्या काही वर्षांत देशात अतिक्रमणाच्या नावाखाली कुणाच्या घरांवर काय चाललं आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. ‘दरडप्रवण’ हा शिक्का उद्या ‘अनधिकृत’ शब्दाचा सोयीस्कर जुळा भाऊ होऊ शकतो. ही भीती खोटी नाही.

पण या भीतीपोटी न मोजलेल्या डोंगराखाली झोपणं हा उपाय होऊ शकत नाही. यादीत नाव नसल्याने बुलडोझर थांबल्याचं मला एकही उदाहरण माहीत नाही, तो यायचा तेव्हा येतोच. यादीत नाव नसल्याने एक मात्र हमखास होतं. दरड आली तर सरकार विधानसभेत उभं राहून सांगू शकतं की आमच्याकडे नोंद नव्हती. चाचांच्या युक्तिवादाने बुलडोझर लांब राहत नाही, सरकारला मात्र एक आयतं वाक्य मिळतं.

म्हणून मागणी नीट शब्दांत करायला हवी. मूल्यांकन उताराचं करा, माणसांच्या कागदपत्रांचं नाही. उतार पाण्याच्या दाबाने कोसळतो, राहणाऱ्याकडे कोणत्या सालचा पुरावा आहे हे तो विचारत नाही. तेव्हा पाहणी पथकात भूवैज्ञानिक आणि स्थापत्य अभियंता असावा, अतिक्रमण विभागाचा माणूस नको. अहवाल वस्तीला मराठीत, आणि मुंब्र्यासारख्या ठिकाणी उर्दूतही, वाचून दाखवावा. आणि प्रत्येक धोकादायक उतारासाठी आधी हे लिहावं की तो बांधून, पाण्याला वाट काढून, जाळी-खिळे मारून सुरक्षित होतो का. बऱ्याच ठिकाणी निचऱ्याची गटारं नीट केल्यानेही फरक पडतो, आणि ते घरं पाडण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. जिथे खरंच हलावं लागेल तिथे पर्यायी घर आधी, पाडकाम नंतर. मुंब्रा बायपाससाठी डोंगर कापताना खालच्या वस्तीला कुणी विचारलं नव्हतं. त्या कापलेल्या दरडीतून दगड सुटतात त्याचा हिशेब वस्तीकडून वसूल करायचा, हा कुठला न्याय?

दुसरी अडचण आपल्या तोंडात आहे. दरड कोसळते, मय्यती उठतात आणि आपण म्हणतो, तकदीर. दुःखात माणसाला धीर द्यायला तो शब्द ठीक आहे, तिथे मी काही बोलणार नाही. पण तोच शब्द मे महिन्यात गटार साफ न करण्यासाठी वापरला जातो, तेव्हा बोलावं लागतं. हजरत उमर यांचा किस्सा मदरशात, घरात, कुठे ना कुठे तुम्ही ऐकलेला असेल. सीरियात प्लेग पसरल्याचं कळल्यावर ते वाटेतून काफिला घेऊन परत फिरले. अबू उबैदा यांनी विचारलं की अल्लाहच्या तकदीरीपासून पळता आहात का. उमर यांचं म्हणणं असं होतं की एका तकदीरीकडून आपण दुसऱ्या तकदीरीकडेच जातो आहोत. आणि त्यांनी उदाहरण दिलं ते दरीच्या दोन बाजूंचं, एक हिरवी आणि एक उजाड. उंट कुठल्या बाजूला चारायचा हे तुम्हीच ठरवता ना? चौदाशे वर्षांपूर्वीच्या या उत्तरात उताराची निवड आहे, ही गोष्ट मला दरवेळी थांबवते.

तिसरं, थोडं कडू. आपण मदतीत पुढे असतो. २०२१ च्या जुलैत महाड-चिपळूणच्या पुरात आपल्या पोरांनी जे केलं त्याचा मला अभिमान आहे. चिखल उपसला, डेगच्या डेग खाना वाटला, कुणाचं नाव विचारलं नाही. फोटोही भरपूर आले. पण त्याच पोरांपैकी कितीजण आदल्या मे महिन्यात तहसील कार्यालयात जाऊन आपत्ती आराखडा मागायला गेले होते? खिचडीच्या डेगीभोवती शंभर हात असतात, अर्जावर सही करायला तीन. मदतीला तत्काळ समाधान आहे, टाळ्या आहेत. अर्जाला उत्तर म्हणून ‘साहेब मीटिंगला आहेत’ मिळतं. मला वाटतं आपली संघटित ताकद अजून डेगीपाशी अडकलेली आहे.

आणि माझ्या व्यवसायबंधूंसाठी एक वाक्य: कृपा करून लगेच अ‍ॅप बनवू नका. दर आपत्तीनंतर मला दोन-तीन तरुण मित्र फोन करतात, आपण ‘दरड अलर्ट’ अ‍ॅप करू या म्हणून. त्यात दाखवणार काय? डेटा नाही. आधी ती तिरकी पीडीएफ नीट तक्त्यात उतरवा, गावांची नावं मतदार यादीतल्या वाड्यांशी जुळवा आणि कोऱ्या राहिलेल्या वाड्यांची वेगळी यादी काढा. ‘कुणीही न तपासलेल्या वाड्या’ असा एक तक्ता प्रत्येक तालुक्याचा तयार झाला तर तो कुठल्याही अ‍ॅपपेक्षा जास्त अस्वस्थ करेल. हे काम कंटाळवाणं आहे, त्यामुळेच ते कुणी केलेलं नाही.

वस्तीतल्या बायकांना विचारा. झऱ्यावर पाणी भरणारीला सगळ्यात आधी कळतं की पाणी अचानक गढूळ झालं, किंवा जिथे कधी पाझर नव्हता तिथून पाणी येऊ लागलं, किंवा जुना झरा भर पावसात बंद झाला. जमिनीला किंवा भिंतीला नवी भेग, दारं-खिडक्या अडकायला लागणं, विजेचे खांब आणि झाडं एका बाजूला कलणं, ही सगळी उतार सरकत असल्याची चिन्हं आहेत. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून रोज अंतर मोजता येतं. पाऊस मोजायला सरळ कडांचा डबा आणि पट्टी पुरते. हे अचूक शास्त्र झालं नाही, पण काहीच नोंद नसण्यापेक्षा वही बरी. आणि अंतर वाढताना दिसलं तर अहवालाची वाट न बघता रात्र मशिदीत, शाळेत, नातेवाइकांकडे काढायची.

कायदा आपल्या बाजूने आहे, फक्त तो कुणी उघडत नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, कलम ३१. प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा असला पाहिजे, जिल्ह्यातले कोणते भाग कोणत्या आपत्तीला बळी पडू शकतात हे त्यात लिहिलं पाहिजे आणि त्याचा दरवर्षी आढावा झाला पाहिजे. प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. म्हणजे ‘आमच्याकडे नोंद नव्हती’ हे वाक्य कायद्यानेच आरोप ठरतं. लोक घाबरतील, जमिनीचे भाव पडतील, म्हणून तपशील जाहीर करत नाही असं उत्तर तुम्हाला मिळेल. पश्चिम घाटावरचा गाडगीळ समितीचा अहवालही २०११ मध्ये सरकारला मिळून महिनोनमहिने दडवून ठेवला होता. माहिती आयोगाने आदेश दिला, सरकार त्याविरुद्ध न्यायालयात गेलं, तिथेही हरलं, तेव्हा २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. भाव पडू नयेत म्हणून ज्याला जमीन विकली जाते, त्याच्या पोरांचं काय, हे त्या साहेबांना विचारायला हरकत नाही.

मार्चमध्ये सुरुवात करा, जूनमध्ये नाही. ग्रामसभेत ठराव, शहरात नगरसेवकाकडे निवेदन आणि सोबत माहितीच्या अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. उत्तराची मुदत तीस दिवस. माहिती जीविताशी संबंधित असेल तर कलम ७ नुसार ती अठ्ठेचाळीस तासांत द्यायची असते. भेग पडलेली असेल, पाऊस लागलेला असेल, तर अर्जात हे कलम ठळक लिहा. प्रश्न लांबलचक नको. आमची वाडी दरडीच्या धोक्यासाठी तपासली आहे का? कोणत्या तारखेला, कुणी आणि कोणत्या प्रमाणाच्या नकाशावर? अहवालाची प्रत द्यावी. तपासली नसल्यास तसं लेखी कळवावं. या शेवटच्या वाक्याखाली एक रेघ मारा.